"इशारा येईल, घाबरू नका" असं सांगणारी पानं

फाइल डाउनलोड करताना फसलेली माणसं नंतर एक गोष्ट हमखास सांगतात: "ब्राउझरने काही सांगितलंच नाही." बहुतेक वेळा सांगितलेलं असतं. ब्राउझरने एकदा, विंडोजने दोनदा. पण त्याआधीच कोणीतरी कान भरून ठेवलेले असतात: आता एक चौकट येईल, घाबरू नका, त्यातलं अमुक बटण दाबा; मग आणखी एक येईल, तिथे तमुक दाबा. मग इशारा दिसला तरी तो ठरलेल्या कामातली एक पायरी वाटतो. ही फसवणूक याच युक्तीवर उभी आहे. ती कशी घडत जाते ते इथे क्रमाने मांडतो आहोत, कारण यातली प्रत्येक पायरी थांबण्याची जागा आहे.

सुरुवात साध्या गरजेतून होते. पीडीएफ वर्डमध्ये हवी असते, प्रिंटरचा ड्रायव्हर हवा असतो, किंवा एखाद्या महागड्या प्रोग्रामची फुकट प्रत. सर्चमध्ये नाव टाकल्यावर सगळ्यात वर जे येतं ती कित्येकदा जाहिरात असते, आणि ती जागा पैसे मोजून फसवणाऱ्यालाही मिळू शकते. पान नीटनेटकं असतं, मूळ कंपनीचा लोगोही असतो. पत्त्यात मात्र एखादं अक्षर जास्त असतं किंवा शेवट वेगळा असतो. मोठ्या डाउनलोड बटणाखाली बारीक अक्षरांत सूचना: "काही अँटिव्हायरस आमच्या प्रोग्रामला चुकून धोकादायक ठरवतात. इशारा आल्यास कीप दाबा. झिपचा पासवर्ड १२३४."

या पासवर्डपाशीच थांबायला हवं. जी फाइल कोणालाही फुकट मिळते आणि जिचा पासवर्ड शेजारीच लिहिलेला आहे, तिला कुलूप कोणापासून? माणसापासून नक्कीच नाही. कुलूप आहे ते तपासणाऱ्या प्रोग्रामपासून. पासवर्ड घातलेल्या झिपमधला मजकूर सांकेतिक झालेला असतो, त्यामुळे ब्राउझर, मेलसेवा किंवा अँटिव्हायरस यांना आत डोकावता येत नाही. फार तर आतल्या फाइलींची नावं दिसतात. क्रोमने २०२४ पासून अशा संशयास्पद फाइलींसाठी स्वतःच पासवर्ड विचारायला सुरुवात केली, म्हणजे आतली फाइल तपासता यावी. तिथे पासवर्ड द्यायला हरकत नाही. फसवं पान मात्र नेमकं सांगतं की ती पायरी सोडून द्या.

आता ब्राउझरचा इशारा. क्रोममध्ये दोन पातळ्या आहेत: संशयास्पद आणि धोकादायक. 'धोकादायक' म्हणजे ही फाइल वाईट असल्याची ब्राउझरला बऱ्यापैकी खात्री आहे. अशी फाइल ठेवण्याचं बटण मुद्दामच सहज हाताशी दिलेलं नसतं. डाउनलोडच्या यादीत जाऊन शोधावं लागतं. एखादं पान तुम्हाला ते बटण शोधायचा रस्ता शिकवत असेल तर निर्णय तिथेच झाला, फाइल पुसून टाका. 'संशयास्पद' किंवा 'ही फाइल सहसा डाउनलोड केली जात नाही' या इशाऱ्याचा अर्थ वेगळा आहे: या फाइलची कोणाला ओळख नाही, एवढंच. एकट्या माणसाने प्रामाणिकपणे लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामलाही असा इशारा येतो. हे मुद्दाम सांगतो, कारण फसवणारे याच अर्धसत्याचा आधार घेतात. म्हणून अशा वेळी इशाऱ्यावर वाद घालण्यापेक्षा पानाचा पत्ता बघा. तो तुम्ही स्वतः टाइप केला होता, की जाहिरातीतून, मेलमधून, मेसेजमधून तिथे पोचलात?

फाइल उतरली की विंडोज तिच्यावर एक न दिसणारी खूण करतं: ही इंटरनेटवरून आली आहे. राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं तर तळाशी 'अनब्लॉक'चा चौकोन दिसतो, तो या खुणेचाच. पुढचे जवळजवळ सगळे इशारे या खुणेवर अवलंबून असतात, म्हणून ती पुसण्यासाठी फसवणाऱ्यांचा सगळा आटापिटा चालतो. आयएसओसारख्या डिस्क-इमेजच्या (अख्ख्या डिस्कची एका फाइलीत ठेवलेली प्रत) आतल्या फाइलींना ही खूण लागतच नव्हती; ती वाट मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केली. झिप उलगडणारे काही प्रोग्रामही ती पुढे नेत नाहीत. सेव्हन-झिपमध्ये तशी सोय २०२२ च्या २२.०० आवृत्तीत आली, पण ती सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते. विंडोजची स्वतःची 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' आज्ञा खूण आतल्या फाइलींपर्यंत नेते. पेनड्राइव्हवरून आलेल्या फाइलीवरची खूण तर बहुधा वाटेतच गळून पडते, कारण ती एनटीएफएस या फाइलव्यवस्थेतच टिकते. थोडक्यात, इशारा आला नाही म्हणून फाइल चांगली असं धरता येत नाही.

वर्ड-एक्सेलच्या मॅक्रोंचंही, म्हणजे फाइलीतच ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामांचंही, असंच. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो ऑफिसने २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली. वर लाल पट्टी येते आणि तिथे परवानगीचं बटणच नसतं. मग फसवी फाइल स्वतःच पहिल्या पानावर सांगते: बंद करा, राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, अनब्लॉक, पुन्हा उघडा. बिल किंवा पावती वाचायला मॅक्रो लागत नाहीत.

यानंतर येतो विंडोजचा मोठा निळा पडदा, स्मार्टस्क्रीनचा, म्हणजे अनोळखी प्रोग्राम अडवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्याचा. समोर एकच बटण असतं, 'डोन्ट रन'. 'रन एनीवे' दिसण्यासाठी आधी 'मोअर इन्फो' दाबावं लागतं. हे दोन क्लिक कोणीतरी शिकवावे लागतात, कारण आपसूक कोणी तिथे जात नाही. तोही ओलांडला की शेवटची चौकट: या प्रोग्रामला संगणकात बदल करू द्यायचे का? तिथे 'पब्लिशर' ही ओळ वाचा. प्रोग्राम बनवणाऱ्याची डिजिटल सही तपासलेली असेल तर चौकटीचा पट्टा निळा असतो आणि कंपनीचं नाव दिसतं. पट्टा पिवळा आणि पब्लिशर 'अननोन' असेल तर हा प्रोग्राम कोणाचा याची हमी कोणीच देत नाही. नाव दिसलं तरी ते तुम्ही शोधत होता त्याच कंपनीचं आहे का ते बघा. चोरलेल्या किंवा भलत्याच नावाने मिळवलेल्या सह्या वापरल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

फाइलच्या नावाबद्दलही थोडं. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटची फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं, लपवतं, त्यामुळे पीडीएफ आणि त्यापुढे ईएक्सई (प्रोग्रामची खूण) अशी दुहेरी शेपटी असलेली फाइल नुसती पीडीएफ दिसते, चित्रही पीडीएफचंच लावलेलं असतं. विंडोज ११ मध्ये फाइल एक्स्प्लोरर उघडून 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' हे आजच चालू करा. एवढ्यानेही सगळं दिसत नाही. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपींसाठी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांच्या संगणकी यादीत, एक अदृश्य चिन्ह आहे. ते नावात घुसवलं की शेपटी उलटी दिसते आणि ईएक्सई नावाच्या मधल्या भागात जाऊन पीडीएफ शेवटी येतं. शिवाय शॉर्टकटचं एलएनके हे एक्स्टेन्शन कधीच दिसत नाही. म्हणून नाव सोडा, 'टाइप' हा रकाना वाचा. कागदपत्राच्या जागी 'ॲप्लिकेशन', 'शॉर्टकट' किंवा 'जावास्क्रिप्ट फाइल' असं लिहिलेलं असेल तर ते कागदपत्र नाही.

आता ज्यात सगळ्यात जास्त माणसं नकळत सापडतात तो प्रकार. यात फाइल डाउनलोडच होत नाही, म्हणून ब्राउझरचा इशाराही येत नाही. पान उघडल्यावर 'मी रोबोट नाही'ची ओळखीची चौकट दिसते. खूण करायला क्लिक केलं की त्याच क्षणी पान तुमच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो ती जागा) एक आज्ञा कॉपी करतं. त्यासाठी एक क्लिक पुरतो, वेगळी परवानगी विचारली जात नाही. मग पान सांगतं: पडताळणीसाठी विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर दाबा. उघडलेल्या छोट्या चौकटीत आज्ञेचं फक्त शेवटचं टोक दिसतं, आणि तिथे 'मी रोबोट नाही, पडताळणी क्रमांक अमुक' असं काहीतरी निरुपद्रवी लिहिलेलं असतं. खरी आज्ञा डावीकडे, नजरेआड असते. एंटर दाबलं की तुमच्याच हातून पॉवरशेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा पाळणारा विंडोजचा प्रोग्राम, चालतं आणि उरलेला माल उतरवून घेतं. २०२४ पासून हा प्रकार झपाट्याने पसरला. पुढे त्याची भावंडंही आली: कोणी फाइल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत चिकटवायला सांगतं, मॅकवर टर्मिनल या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये. 'फाइल उघडण्यात अडचण आली, दुरुस्तीसाठी हे करा' अशा वेषातही तो येतो. तुम्ही माणूस आहात हे ठरवणारी खरी चाचणी ब्राउझरच्या बाहेर काहीही करायला सांगत नाही. शंका आली तर कॉपी झालेलं नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे पूर्ण आज्ञा दिसते आणि चालत मात्र नाही.

'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, अपडेट डाउनलोड करा' हा याचाच जुना भाऊ. कुठलंही संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरचं अपडेट देत नाही. ते ब्राउझरच्या मेनूतल्या 'हेल्प' आणि 'अबाउट'मध्ये बघायचं. ही चौकट खरी की पानावर रंगवलेली, हे ओळखायची एक सोपी खूण आहे: पानाला पत्त्याच्या पट्टीच्या खालच्या भागातच चित्र काढता येतं. ब्राउझरची स्वतःची चौकट बहुधा त्या पट्टीला चिकटून किंवा तिच्यावर थोडी चढून येते. ब्राउझरची विंडो लहान करून चौकट ओढून बघा. ती पानाच्या कडेपाशी अडकली तर रंगवलेली आहे. पान पूर्ण पडदाभर पसरलं असेल तर ही खूण चालत नाही, आधी एस्केप दाबून धरा.

मॅकवर सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या सिकोया आवृत्तीपासून राइट-क्लिक करून 'ओपन' म्हणण्याची पळवाट बंद झाली. अनोळखी प्रोग्रामसाठी 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन 'ओपन एनीवे' करावं लागतं. त्यामुळे आता काही डीएमजी फाइलींच्या (मॅकचे प्रोग्राम बहुधा याच स्वरूपात येतात) खिडकीत 'ही फाइल टर्मिनलवर ओढून टाका' असं बाण काढून दाखवलेलं असतं. अँड्रॉइडवर एपीके, म्हणजे ॲपची, फाइल बसवताना 'या सोर्सला परवानगी द्या' विचारलं जातं, आणि त्यानंतर ॲप ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतं. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपसाठी ती बंद असते. ती उघडायला तीन ठिपक्यांतून 'अलाव रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज' दाबा असं फोनवर कोणी सांगत असेल तर फोन ठेवून द्या. ती परवानगी मिळाली की पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात.

काही सेटिंग आधीच बदलून ठेवाव्यात. क्रोममध्ये 'डाउनलोड्स'मध्ये प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते विचारा, हा पर्याय चालू करा. न मागितलेली फाइल गुपचूप उतरली तर लगेच कळतं. तिथेच काही प्रकारच्या फाइली आपोआप उघडण्याची यादी असेल तर ती 'क्लिअर' करा. फायरफॉक्सने मार्च २०२२ मधल्या ९८ व्या आवृत्तीत 'उघडू की साठवू' ही जुनी चौकट काढली. 'जनरल'मधल्या 'ॲप्लिकेशन्स'मध्ये ती परत मागता येते. सफारीच्या 'जनरल'मध्ये 'सुरक्षित फाइली उघडा' यावरची खूण काढा. डाउनलोड केलेली फाइल व्हायरसटोटल या अनेक अँटिव्हायरस एकत्र चालवणाऱ्या संकेतस्थळावर तपासता येते, पण तिथे ६५० एमबीची मर्यादा आहे आणि फसवणारे फाइल शून्यं भरून मुद्दाम फुगवतात. आजच बनवलेली वाईट फाइलही तिथे कोरी दिसू शकते. आपली खासगी कागदपत्रं तिथे टाकू नका, त्या फाइली इतरांनाही मिळू शकतात.

फाइल फक्त डाउनलोड झाली असेल, उघडली नसेल, तर पुसून टाका. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. उघडली असेल आणि 'काहीच झालं नाही' किंवा नुसती एरर आली असेल, तर ते काळजीचं लक्षण आहे. माहिती चोरणारे प्रोग्राम थोड्याच वेळात काम उरकतात आणि कधीकधी स्वतःला पुसूनही टाकतात, त्यामुळे नंतरची तपासणी कोरी निघते. आधी नेटवर्क तोडा. त्या संगणकावर कुठेही लॉगिन करू नका. दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून सर्वांत आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्यातूनच बदलता येतात, आणि 'सर्व डिव्हाइसवरून साइन आउट' करा. हे साइन आउट विसरू नका: चोरलेल्या कुकीजमुळे, म्हणजे तुम्ही लॉगिन केलेलं आहे हे लक्षात ठेवणाऱ्या ब्राउझरमधल्या नोंदींमुळे, चोराला पासवर्ड किंवा ओटीपी न देताच आत शिरता येतं. मग बँक. ब्राउझरमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड गेला असं समजून बदला. प्रोग्रामला संगणकात बदल करायची परवानगी दिली गेली असेल तर विंडोज पुन्हा टाकणं हाच भरवशाचा मार्ग आहे.

पुसण्याआधी पुरावा घ्या. ब्राउझरच्या डाउनलोड यादीत फाइल कुठून आली तो पत्ता असतो, हिस्टरीत पान उघडल्याची वेळ असते. दोन्हींचा फोनने फोटो काढा. झिपचा पासवर्ड, पानावरच्या सूचना, आलेला मेल किंवा मेसेज हेही ठेवा. तक्रार देताना पोलीस आणि बँक आधी हेच विचारतात, आणि त्या पानाची ब्राउझरकडे तक्रार करायलाही तोच पत्ता लागतो.