डोळ्याचा ओसीटी की मेंदूचा पेट स्कॅन?

अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, ओळखायला यातलं काय निवडावं? दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, गर्भावस्थेत मेंदूतूनच फुटतं, म्हणून चेतातंतूंची झीज तिथे शोधली जाते. ओसीटी हा प्रकाशाने केला जाणारा डोळ्याचा स्कॅन त्याचे थर मायक्रॉनमध्ये मोजतो. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, काही मिनिटांत काम! अल्झायमरच्या रुग्णांत चेतातंतूंचा थर सरासरीने पातळ आढळतो. पण काचबिंदूतही तो पातळ होतो, आणि मोठी अडचण हीच. एकट्या ओसीटीवरून अल्झायमरचं निदान होत नाही.

अमिलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन, दाखवणारा पेट स्कॅन महागडा, शिवाय शिरेतून किरणोत्सर्गी द्रव्य द्यावं लागतं. मात्र अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळालेल्या फ्लोरबेटापिरसारख्या द्रव्यामुळे मेंदूत साठलेलं अमिलॉइड टिपता येतं. स्मरणचाचण्यांनंतरही शंका उरली, तर माझा कौल पेटलाच. ओसीटी मला मोठ्या प्रमाणावरच्या प्राथमिक चाळणीसाठी हवा आहे, पण संशोधन पक्कं झाल्यावर.