प्रिओरात : दगडातली द्राक्षं, जाळावरचे कांदे आणि कोल्हापुरी जीभ

बार्सेलोनाहून नैऋत्येला दोनेक तास गाडी चालवली की तारागोनाच्या पाठीमागच्या डोंगरांत प्रिओरात लागतं. वाईनच्या प्रदेशांना स्पेनमध्ये जो सगळ्यात वरचा दर्जा देतात, तो दोनच प्रदेशांकडे आहे. एक रिओहा, दुसरं हे. तरीही कोल्हापुरातून युरोपला निघणाऱ्या सहलींच्या पत्रकात प्रिओरात कुठे दिसत नाही. दिसायला पाहिजे असं माझं ठाम मत झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं माहेर तासगावचं, घरची बेदाण्याची बाग. सासर मंगळवार पेठेत, आणि इथे मी कांदा-लसूण मसाला करून विकते. त्यामुळे तिथे माझं लक्ष आधी वेलीकडे आणि मग मिरचीकडे गेलं, ग्लासाकडे त्यानंतर. हा अभिप्राय त्याच क्रमाने वाचावा.

आम्ही फेब्रुवारीत गेलो. बदामाची झाडं फुललेली आणि द्राक्षवेली मात्र छाटून बोडक्या. मांडव नाही, तारा नाहीत. गुडघ्याएवढी वाकडी खोडं डोंगराच्या उतारावर एकेकटी उभी. उतार असा की बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टर चढत नाही, काही बागांत आजही खेचर लावून नांगरट करतात. पायाखाली माती म्हणावी अशी जवळपास नाहीच. काळपट पाटीचा दगड, उन्हात चमचमणारा, हातात घेतला की पापुद्रे सुटतात. त्याला तिथे यिकोरेया म्हणतात. पाऊस इतका कमी की आपल्या गगनबावड्यात जुलैच्या एखाद्या जोरदार आठवड्यात पडतो तेवढा तिथे वर्षभरात पडत असेल. वेल पाण्यासाठी या दगडाच्या फटींतून खोल खोल मुळं सोडते. जुन्या वेलीला कित्येकदा किलोभरही द्राक्षं येत नाहीत, पण जी येतात त्यांत रस दाट उतरतो. मी दादाला फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन आला, "अगं, ही बाग आहे का खाण?"

हे डोळ्यांनी बघितल्यावर तिथल्या बाटल्यांच्या किमती समजतात. काही बाटल्या शेकडो युरोंना जातात. त्या घ्या असं मी म्हणणार नाही. पण माल वाढवायचा नाही, उतारावरच्या जुन्या वेली उपटायच्या नाहीत, आणि त्या कष्टाचा दाम मागायला संकोच करायचा नाही, हे आमच्या भागातल्या प्रत्येक बागायतदाराने एकदा जाऊन बघावं असं मनापासून वाटतं.

ही श्रीमंती जुनी नाही बरं का. १२व्या शतकात कार्थुसियन पंथाचे साधू इथे आले. देवदूत शिडीवरून आकाशात चढताना एका मेंढपाळाला दिसले, त्या जागी मठ बांधला अशी कथा सांगतात. द्राक्षशेती त्यांच्याच आधाराने वाढली. १८३५ मध्ये सरकारने मठांच्या जमिनी काढून घेतल्या, साधू गेले आणि मठ लुटला गेला. एस्काला देईला त्याचे अवशेष आहेत, ते चुकवू नका. मोन्सांत डोंगराच्या कड्याखाली नुसत्या भिंती आणि कमानी उभ्या आहेत, एका साधूची खोली मात्र पुन्हा पहिल्यासारखी उभारली आहे. पुढे १९व्या शतकाच्या शेवटी फिलोक्सेराच्या किडीने वेली मारल्या आणि माणसं गावं सोडून गेली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस रेने बार्बिए, आल्वारो पालासिओस हे वाईन करणारे आणि त्यांचे सोबती ग्रातायोप्स नावाच्या गावात आले. १९८९चा हंगाम त्यांनी मिळून काढला, आणि जगाने प्रिओरातकडे पाहायला सुरुवात केली.

आता चव घेण्याबद्दल. बहुतेक ठिकाणी आधी वेळ ठरवूनच जावं लागतं, दारात जाऊन उभं राहिलं तर उपयोग होत नाही. एका नावाजलेल्या ठिकाणी आमची निराशा झाली. भराभर ग्लास भरले, माहिती पाठ केल्यासारखी सांगितली, खायला कोरड्या बिस्किटांपलीकडे काही नाही. रिकाम्या पोटी चौदा-पंधरा टक्के अल्कोहोलची लाल वाईन म्हणजे घशाला आच लागते आणि जिभेला काही कळत नाही. त्याउलट एका छोट्या घरगुती तळघरात मालकीणबाईंनी आधी पावाला टोमॅटो चोळून, वर ऑलिव्ह तेल आणि मीठ घालून दिलं आणि मगच ग्लास पुढे केला. गार्नाचा द्राक्षाचा गोडसर वास आणि कारिन्येनाचा तुरटपणा तेव्हा कुठे वेगवेगळा ओळखू आला. वेळ ठरवताना सोबत खायला काय देणार हे आधी विचारा. मी तर त्यावरूनच ठिकाण निवडेन.

पैशाच्या मानाने सगळ्यात समाधान झालं ते फालसेट गावच्या सहकारी संस्थेत. आपण सहकारात वाढलेली माणसं, त्यामुळे पाय आपोआप तिकडे वळले. १९१९ची इमारत आहे, बार्सेलोनाचा प्रसिद्ध वास्तुकार गाऊदी, त्याच्या हाताखाली शिकलेल्या सेझार मार्तिनेलने बांधलेली. आत उंच कमानी, देवळात शिरल्यासारखं मान वर करून बघत राहावं अशी जागा. इथली वाईन प्रिओरातच्या नावाने येत नाही. प्रिओरातला वेढून असलेल्या मोन्सांत या प्रदेशाच्या नावाने येते, आणि किंमत बरीच उतरते. रोजच्या जेवणासोबत मला तीच जास्त आवडली. या भागात जुन्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवलेली रान्सी नावाची वाईनही मिळते. तिला अक्रोडासारखा वास येतो. भाजलेल्या हेझलनटसोबत घोटभर घ्या.

आमचे हे पीत नाहीत, म्हणून गाडीची काळजी नव्हती. चौघे पिणारे असाल तर आधीच ठरवून एकाने लांब राहा. घाटरस्ते अरुंद आहेत आणि तिथले पोलीस तपासणी करतात. रेल्वे फालसेटजवळच्या मार्सा गावापर्यंत येते, पण पुढच्या गावांना गाडीशिवाय जमत नाही.

आणि आता वाल्स गाव. फालसेटहून तासाभरावर. थंडीत गेलात तर बाकी काही कापा, पण कल्सोतादा, म्हणजे जाळावर भाजलेल्या कल्सॉट कांद्यांची जेवणावळ, सोडू नका.

कल्सॉट म्हणजे कांद्याची कोवळी लांब पात. आधी कांदा वाढवतात, काढतात, पुन्हा लावतात आणि कोंब वर येईल तशी त्याला मातीची भर देत जातात, म्हणजे खालचा भाग लांब आणि पांढरा राहतो. द्राक्षाच्या छाटणीतून निघालेल्या काड्या पेटवून मोठ्या जाळावर हे कांदे बाहेरून पार काळे होईपर्यंत भाजतात. मग वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचे, आतल्या वाफेवर मऊ होऊ द्यायचे, आणि कौलावर वाढायचे. अगदी छपराचं मातीचं कौल. गळ्यात लाळेरं बांधायचं, वरची हिरवी पात धरून काळी साल ओढून काढायची, सॉसमध्ये बुडवायचं आणि मान मागे टाकून तोंडात सोडायचं. सगळं अंगण हेच करत होतं, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांची बोटं काळी.

तो सॉस मी सोडायला तयार नव्हते. न्योरा नावाची वाळवलेली गोल मिरची भिजवून तिचा गर खरवडून घ्यायचा. त्यात भाजलेला टोमॅटो, भाजलेला लसूण, बदाम, हेझलनट, व्हिनेगर आणि ऑलिव्ह तेल. भाजून, वाटून, तेलाने एकजीव करायचं, आपल्या वाटणासारखंच. फक्त न्योरा तिखट अजिबात नाही. रंग ब्याडगीच्या जवळचा, चव गोडसर, किंचित मातकट. स्वयंपाकघरातल्या बाईंना खुणेने विचारलं तर त्यांनी मला आत बोलावून उखळ दाखवलं. खलबत्त्यावर हात फिरवायची रीत बघून एकमेकींची भाषा येत नसल्याचं दोघींनाही काही वाटलं नाही. तारागोनात समुद्राजवळच्या एका हॉटेलात हेच कांदे गार आणि चिवट मिळाले, तेव्हा कल्सॉट खायचे ते जाळ समोर दिसेल तिथेच.

जाऊबाई शाकाहारी, त्यांची आबाळ झाली नाही. कांदे, टोमॅटो चोळलेला पाव, आणि भाजून सोललेली वांगी नि ढबू मिरची तेल-मीठ लावून, हे जवळजवळ सगळीकडे मिळालं. पांढऱ्या सोयाबीनसारख्या दिसणाऱ्या उसळीत मात्र कधी कधी मांस असतं, विचारून घ्या. मांसाहाऱ्यांना कांद्यानंतर कोकराचं मांस आणि बोतिफारा सॉसेज येतंच.

आजूबाजूला बघायचं तर सिउराना. कड्याच्या टोकावरचं दगडी गाव, खाली धरण. स्पेनच्या या कातालोनिया प्रांतात मूरांची, म्हणजे तिथल्या मुसलमान राज्यकर्त्यांची, शेवटची ठाणी होती त्यांतलं हे एक, ११५३ मध्ये पडलं. शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा मूर राणीने घोड्यासकट कड्यावरून उडी घेतली असं तिथे सांगतात, खडकावरची टापेची खूणही दाखवतात. याच नावाचं आर्बेकिना ऑलिव्हचं तेल मिळतं, ते घ्याच. तारागोनाला समुद्राकाठचं रोमन रंगमंडल आणि शहराबाहेरचा २७ मीटर उंच जलसेतू, दोन्ही अर्ध्या दिवसात होतात.

कोल्हापुरात परत आल्यावर बाटल्या घरच्या जेवणासोबत उघडल्या. परदेशातून येताना माणशी २ लिटर दारू बिनशुल्क आणता येते, म्हणजे साधारण बाटलीचा हिशेब धरला तर दोन. तांबड्या रश्श्यासोबत प्रिओरातची लाल अजिबात जात नाही. अल्कोहोलने तिखटाची आग वाढते, दोन्हींची चव जाते. कमी तिखटाच्या सुक्क्या मटणासोबत मोन्सांतची लाल छान लागली. पण खरी जोडी जमली पांढऱ्या रश्श्याची आणि पांढऱ्या गार्नाचाची. खोबऱ्याचं दूध, तीळ, खसखस यांचा दाटपणा आणि त्या वाईनचा भरीवपणा एकमेकांना धरून राहतात, मिरी आणि दालचिनी मागून वर येते. सासूबाईंनी घोटभर चाखून वाटी पुन्हा भरून घेतली, रश्श्याची.

तेव्हा परवानगीतल्या दोन बाटल्यांत एक पांढरी गार्नाचा आणि एक मोन्सांतची लाल आणा. महागडी प्रिओरात तिथेच, कोकराच्या मांसासोबत प्या. बॅगेत उरलेल्या वजनात सिउरानाचं तेल आणि न्योराच्या माळा बसवा. माझ्या माळा गुढीपाडव्याच्या आधीच संपल्या.