रेट्रोआर्क की स्वतंत्र एम्युलेटर? गुरुवारी लाईट जाणाऱ्या घरासाठी

जुना कन्सोल माळ्यावर आहे, डिस्क अजून शाबूत आहेत, घरचा कॉम्प्युटर बऱ्यापैकी आहे आणि एम्युलेटर (जुन्या कन्सोलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) बसवायचं नक्की झालंय. आता प्रश्न उरतो तो एवढाच: सगळे कन्सोल एकाच ठिकाणी चालवणारा रेट्रोआर्क घ्यायचा, की प्रत्येक कन्सोलसाठी वेगळा एम्युलेटर? मी आधी जवळजवळ वर्षभर रेट्रोआर्क वापरला आणि गेलं दीड वर्ष वेगळे एम्युलेटर वापरतोय. पैसे दोन्हीकडे लागत नाहीत. बायोसची (म्हणजे कन्सोलच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरची) आणि डिस्कची भानगडही दोन्हीकडे सारखीच. प्लेस्टेशनच्या डिस्क साध्या सीडी ड्राइव्हमध्ये वाचता येतात, बायोस मात्र स्वतःच्या कन्सोलमधून काढावा लागतो. ते सोडून बोलू.

आधी रेट्रोआर्कबद्दल, कारण त्याचं मला खरंच कौतुक आहे. तपकीर गल्लीतून मी दोन साधे यूएसबी गेमपॅड आणले होते, बिनकंपनीचे. त्यांची बटणं रेट्रोआर्कमध्ये एकदा लावली आणि कॅसेटवाल्या आठ-बिट कन्सोलपासून प्लेस्टेशनपर्यंत सगळीकडे तीच चालली. घरात लहान मुलं खेळणार असतील तर ही सोय फार मोठी आहे. मुलांना एकच मेनू ओळखीचा होतो, गेम बदलला तरी बाहेर पडायची पद्धत तीच राहते.

दुसरी गोष्ट चित्राची. जुने गेम काचेच्या फुगीर टीव्हीसाठी काढलेले होते. एलसीडीवर ते नुसते मोठे केले की चौकोन चौकोन दिसतात. रेट्रोआर्कमधले सीआरटी शेडर, म्हणजे चित्र जुन्या काचेच्या टीव्हीसारखं दाखवणारे फिल्टर, लावले की आडव्या रेषा, रंगांचं थोडं मिसळणं, कडांचा मऊपणा, सगळं परत येतं. माझ्या ताईनं ते पाहिलं आणि लगेच म्हणाली, ‘अरे, हा तर आपला वाड्यातला टीव्ही!’ शिवाय रन-अहेड नावाची सोय आहे. त्यात एम्युलेटर एक-दोन फ्रेम पुढचं आधीच काढून ठेवतो आणि बटण दाबल्यावरचा उशीर कमी होतो. मी काही मोजून पाहिलं नाही, पण उड्या मारायच्या गेममध्ये फरक हाताला कळतो. जुन्या हलक्या कन्सोलसाठी साधा प्रोसेसर त्याला पुरतो. प्लेस्टेशनला मात्र माझ्या मशीनवर दम लागायचा.

वेगळ्या एम्युलेटरांचं गणित निराळं. प्लेस्टेशनसाठी डकस्टेशन, पीएसपीसाठी पीपीएसएसपीपी, प्लेस्टेशन २ साठी पीसीएसएक्स२, निन्टेंडोच्या गेमक्यूब आणि वी (Wii) या कन्सोलसाठी डॉल्फिन. प्रत्येकाची खिडकी वेगळी, प्रत्येकात गेमपॅड नव्यानं लावायचा. पहिल्या दिवशी कंटाळा येतो, हे कबूल करतो. पण उघडल्यावर समोर फक्त त्या एका कन्सोलच्या सेटिंग्ज असतात. रेट्रोआर्कमध्ये काही सेटिंग्ज मुख्य मेनूत, काही क्विक मेनूत, काही कोअरच्या (कोअर म्हणजे रेट्रोआर्कच्या आतला त्या त्या कन्सोलचा एम्युलेटर), काही फक्त त्या गेमपुरत्या. आपण बदललेली गोष्ट कुठे लागू झाली हेच मला कितीदा शोधावं लागलं. डकस्टेशनमध्ये पीजीएक्सपी चालू करायचा असेल, म्हणजे प्लेस्टेशनच्या त्रिमितीय आकृत्यांची ती ओळखीची थरथर घालवायची असेल, तर ग्राफिक्सच्या पानावर एक खूण करायची. झालं. रेट्रोआर्कमध्येही हे जमतं. त्यातला स्वॅनस्टेशन हा कोअर तर डकस्टेशनच्याच जुन्या कोडमधून निघालेला. म्हणजे गेम चालण्याच्या बाबतीत दोघांत फार फरक आहे असं मी म्हणणार नाही.

माझा निर्णय झाला तो लाईटमुळे.

मे महिन्यातला गुरुवार होता. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाणं नवं नाही, पण सुट्टीत वाराचं भान कुणाला राहतं! भाचा सकाळपासून प्लेस्टेशनवरचा एक लांबलचक गेम खेळत होता, रेट्रोआर्कमध्ये, बीटल नावाच्या प्लेस्टेशनच्या कोअरवर. जेवायला हाक मारली तेव्हा तो गेममधल्या सेव्हच्या ठिकाणापर्यंत गेला, मेमरी कार्डवर नीट सेव्ह केलं, ‘सेव्ह झालं’ हा संदेश वाचला आणि गेम तसाच चालू ठेवून पानावर येऊन बसला. वरण-भात संपायच्या आत लाईट गेली. आमच्या यूपीएसची बॅटरी तेव्हा मेलेली होती. दुपारी लाईट आल्यावर त्यानं गेम उघडला, तर कार्डवर आदल्या दिवशीचाच सेव्ह. सकाळचे तीन तास गेले.

त्यानं सगळं बरोबर केलं होतं, म्हणून मला ते फार लागलं. दोन संध्याकाळी बसून मी कारण शोधलं. खेळ चालू असताना रेट्रोआर्क मेमरी कार्डाचा मजकूर कॉम्प्युटरच्या रॅममध्येच धरून ठेवतो आणि गेम बंद करताना डिस्कवरच्या एसआरएम नावाच्या सेव्ह फाईलमध्ये उतरवतो. गेमला वाटतं कार्डवर लिहिलं गेलं, पण डिस्कवर काहीच पोचलेलं नसतं. यावर उपाय आहे: सेटिंग्जमध्ये सेव्हिंगच्या पानावर सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल असतो, तो १० सेकंदांवर ठेवायचा. डेस्कटॉपवर तो मुळात बंद असतो. शिवाय रेट्रोआर्क आपल्या सेटिंग्जही सहसा बाहेर पडतानाच लिहितो. म्हणून हा बदल केल्यावर लगेच एकदा नीट बाहेर पडा. नाहीतर पुढच्या वेळी लाईट गेली की हा बदलही जाईल.

मग मी डकस्टेशनमध्ये तेच करून पाहिलं. गेममध्ये सेव्ह केलं, मनात दहापर्यंत मोजलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा सेव्ह जागेवर होता. कार्डवर लिहून झालं की काही सेकंदांतच तो ते फाईलमध्ये उतरवतो, आपण काहीही न सांगता. (हा प्रयोग घरी करून बघू नका, हार्ड डिस्कला ते चांगलं नाही.) त्या दिवसापासून प्लेस्टेशन आमच्याकडे डकस्टेशनवर आहे.

तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल किंवा लॅपटॉपवरच खेळणार असाल, तर तुम्हाला हे इतकं महत्त्वाचं वाटणार नाही, आणि ते योग्यच आहे. फक्त कॅसेटवाले जुने कन्सोल हवे असतील तर मीही रेट्रोआर्कच सुचवेन. ते गेम बहुतेक एका बैठकीत संपतात, आणि शेडर आणि रन-अहेडची मजा तिथेच जास्त. पण मोठी गोष्ट असलेले, महिनोन्महिने चालणारे प्लेस्टेशनचे गेम खेळायचे असतील, आणि खेळणारं कुणी लहान असेल, तर माझा कल वेगळ्या एम्युलेटरकडे आहे. प्लेस्टेशन २ आणि डॉल्फिनच्या बाबतीत तर मी दुसरा विचारच करत नाही. त्यांना मशीनही दणकट लागतं.

एक मात्र दोन्हीकडे पाळा. सेव्ह स्टेटवर, म्हणजे एम्युलेटरनं त्या क्षणी गेम जसा आहे तसा साठवलेल्या प्रतीवर, विसंबू नका. रेट्रोआर्कमध्ये एका कोअरचा स्टेट दुसऱ्यात उघडत नाही, आणि वेगळे एम्युलेटरही नवी आवृत्ती टाकली की जुना स्टेट कधी कधी नाकारतात. मेमरी कार्डाची फाईल मात्र कुठेही नेता येते. बीटल कोअरची एसआरएम आणि डकस्टेशनची एमसीडी या दोन्ही आतून सारख्याच, खऱ्या कार्डाएवढ्या १२८ केबीच्या. फाईलचं नाव आणि शेपूट (एसआरएमच्या जागी एमसीडी) बदललं की काम होतं. म्हणून आज एक निवडून उद्या दुसरीकडे जायचं झालं तरी गेम पहिल्यापासून खेळायची वेळ येत नाही.

भाच्याचं आदल्या दिवशीचं कार्ड मी असंच उचलून डकस्टेशनमध्ये ठेवलं. ते तीन तास तो पुन्हा खेळला, या वेळी मी शेजारी बसलो होतो. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं गेम संपवला. ती फाईल मी पेनड्राइव्हवर त्याच्या नावानं ठेवून दिलीय.