आरएक्स ९०७० एक्सटी की आरटीएक्स ५०७० टीआय: किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी कुठलं घ्यावं

सरळ सांगतो. फक्त गेमिंग करायचं असेल आणि घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असेल तर एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी हे ग्राफिक्स कार्ड घ्या आणि वाचलेले पैसे यूपीएसमध्ये घाला. व्हिडिओ एडिटिंग, ब्लेंडरमधलं थ्रीडी असं पोटापाण्याचं काम असेल तर एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० टीआय. आता का ते सांगतो, कारण कार्ड नुसत्या एफपीएसवरून (सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्यावरून) निवडायचं नसतं हे माझं ठाम मत आहे, निदान आपल्याकडे कोकणात तरी नाही.

९०७० एक्सटी माझ्याकडे रत्नागिरीत आहे, ५०७० टीआय मामेभावाकडे वेंगुर्ल्याला. गणपतीत तो आमच्याकडे आला तेव्हा येतानाच कार्ड घेऊन ये म्हटलं, मग रात्री आरती-जेवणं उरकली की एकाच पीसीत आलटून पालटून दोन्ही लावून बघत बसायचो, मधे प्रत्येक वेळी डीडीयू या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर पूर्ण साफ करून. रायझन ५ ७६००, ३२ जीबी रॅम आणि १४४०पीचा १६५ हर्ट्झ मॉनिटर, म्हणजे एवढं कार्ड घेणाऱ्या माणसाकडे साधारण असतो तसाच सेटअप.

कागदावर दोघांत फार अंतर नाही. दोघांना १६ जीबी मेमरी, दोघांना २५६ बिटचा बस, फक्त एनव्हिडियाकडे जीडीडीआर७ आणि एएमडीकडे जीडीडीआर६. ५०७० टीआय ३०० वॉटचं, ९०७० एक्सटी ३०४ वॉटचं, पण एएमडीची ओसी (कंपनीनेच वेग वाढवलेली) मॉडेल्स त्याच्याही वर जातात. ५०७० टीआय २० फेब्रुवारी २०२५ला ७४९ डॉलरला आलं, ९०७० एक्सटी ६ मार्चला ५९९ डॉलरला. आपल्याकडे वर १८ टक्के जीएसटी, मग इंपोर्टरचं, मग दुकानदाराचं, त्यामुळे तो १५० डॉलरचा फरक इथे येईस्तोवर कधी वाढतो कधी कमी होतो, म्हणून जुने व्हिडिओ बघून भाव धरू नका, ज्या आठवड्यात घ्याल त्या आठवड्याचा भाव चार ठिकाणी विचारा.

गेममध्ये काय दिसतं? रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड आणि प्रतिबिंबं) बंद ठेवून सायबरपंक २०७७ हा गेम चालवला आणि कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा झाकला तर आत कुठलं कार्ड आहे ते मला सांगता आलं नाही, भावालाही नाही. ५०७० टीआय थोडं पुढे असतं पण ते पाचेक टक्क्यांच्या आतलं, तेवढ्यासाठी कोणी जास्त पैसे मोजू नयेत. साधं रे ट्रेसिंग लावलं की अंतर पडायला लागतं आणि त्याचंच जड रूप म्हणजे पाथ ट्रेसिंग लावलं की मग मात्र विषय संपतो, एनव्हिडिया सरळ पुढे निघून जातं. पावसात भिजलेल्या रस्त्यावर दुकानांच्या पाट्यांचा उजेड पसरतो ना, ५०७० टीआयवर तो एकदम स्वच्छ, चालताना थरथरत नाही, आणि ९०७० एक्सटीवर तेच दृश्य सेटिंग खाली आणल्याशिवाय नीट खेळता येत नाही. पण पाथ ट्रेसिंगवाले गेम मोजकेच आहेत आणि तुम्ही त्यातले किती खेळता हे स्वतःला विचारा.

अपस्केलिंगमध्ये, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवण्यात, एएमडीने या वेळी खरंच मेहनत केलीय. त्यांच्या आधीच्या एफएसआर अपस्केलरमध्ये झाडांची पानं, तारांची कुंपणं सगळं गिचमिड व्हायचं, एफएसआर ४मध्ये ते बऱ्यापैकी सुधारलंय आणि क्वालिटी मोडवर मी ते बिनधास्त चालू ठेवतो. एनव्हिडियाचं डीएलएसएस ४ अजूनही सरस आहे आणि जास्त गेममध्ये मिळतं, हे मान्य करायलाच हवं. त्यातल्या मल्टी फ्रेम जनरेशनच्या जाहिरातीला मात्र फार भुलू नका. एका खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत बनवलेल्या फ्रेम घातल्या जातात, आकडा मोठा दिसतो, पण माऊसचा प्रतिसाद खऱ्या फ्रेमवरच ठरतो, त्यामुळे मुळात ३० एफपीएस असतील तर १२० दिसूनही हाताला जडच लागतं. मुळात ६०-७० असतील तर मजा येते, पण तिथे आधीच बरं चाललेलं असतं.

आता लाईट. पावसाळ्यात आपल्याकडे लाईटचं काय होतं ते मी सांगायला नको, वारा सुटला की गेली, आली की व्होल्टेज खालीवर, परत गेली. तीनशे वॉटचं कार्ड, नव्वदेक वॉटचा सीपीयू, मदरबोर्ड, पंखे, मॉनिटर धरून गेम चालू असताना भिंतीतून सहज पाचशे वॉटच्या आसपास ओढलं जातं. साध्या ६०० व्हीएचा यूपीएस ज्याच्यावर ऑफिसचा पीसी चालतो तो साधारण ३६० वॉटच देतो, लाईट गेली की गेम चालू असताना तो ओव्हरलोड होऊन सगळंच बंद करणार. किमान ६०० वॉटचा, शक्यतो प्युअर साइन वेव्हचा घ्या, कारण चांगल्या पीएसयूमध्ये (पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये) अॅक्टिव्ह पीएफसी असतं आणि स्क्वेअर वेव्हवर त्यातले काही पीएसयू कुरकुर करतात किंवा सरळ ट्रिप होतात. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचा स्विच असतो तो चालू आहे का बघा, साध्या मोडवर पलटी व्हायला वेळ लागतो आणि पीएसयू जेमतेम १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. आणि पीएसयू ७५० वॉटचा, एटीएक्स ३.१वाला, यात काटकसर नको. ही कार्डं क्षणभर स्वतःच्या रेटिंगच्या कितीतरी वर उडी मारतात, ते सोसण्यासाठीच ते स्टँडर्ड आहे. जुन्या चिऱ्याच्या घरात अर्थिंग नावालाच असतं, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कार्ड विकत घ्यायच्या आधी वायरमनला बोलवा.

यात ९०७० एक्सटीचा एक मोठा फायदा मला झाला. एएमडीच्या अॅड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये थोडं अंडरव्होल्ट केलं, म्हणजे कार्डाचं व्होल्टेज कमी केलं, पॉवर लिमिट दहा टक्के खाली आणली, एफपीएस जवळपास तेवढेच राहिले आणि यूपीएसवर भार कमी झाला, पंखेही शांत. ५०७० टीआयसुद्धा आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरने अंडरव्होल्ट होतं, छान होतं, पण एएमडीवाल्याला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

मग खारी हवा. माझं आधीचं कार्ड काढलं तेव्हा मागच्या पट्टीवर, एचडीएमआयच्या भोवती, तांबूस ठिपके आलेले आणि हीटसिंकच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी पूड, बोटाने पुसली तरी खाली खरखरीत लागायचं. हे कुठल्याही कंपनीच्या कार्डाला होणार. इलाज काय तर पावसाळ्यात पीसी आठवडाभर बंद ठेवू नका, रोज अर्धा-एक तास तरी चालवा म्हणजे आतली ओल निघते. दोन्ही कार्डांत काम नसताना पंखे थांबायची सोय असते, जुलै-ऑगस्टमध्ये मी ती बंद करून पंखे सावकाश फिरते ठेवतो. समुद्राकडच्या खिडकीखाली कॅबिनेट ठेवायचं नाही. पावसाळा संपला की मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल.

याच कारणासाठी मला दोन ८-पिनवालं ९०७० एक्सटी आवडलं. ५०७० टीआयला १६-पिनचा कनेक्टर येतो, तोच ज्याच्या सुरुवातीच्या रूपात २०२२मध्ये आरटीएक्स ४०९० कार्डांचे कनेक्टर वितळल्याच्या बातम्या आल्या होत्या. ३०० वॉटला तो धोका खूपच कमी, हे खरं, कारण तो कनेक्टर ६०० वॉटपर्यंतचा आहे, आणि त्याच्याच नवीन १२व्ही-२x६ आवृत्तीत सुधारणाही झालीय. तरी बारीक पिना आणि दमट हवा ही जोडी मला नको वाटते, जाड जुन्या पिनेवर माझा जास्त विश्वास. एएमडीच्याही काही महागड्या मॉडेल्सना, उदाहरणार्थ सफायर नायट्रो प्लसला, १६-पिनच आहे, तेव्हा बॉक्सवर बघून घ्या.

वॉरंटीचं कान देऊन ऐका. ओळखीतल्या एकाचं कार्ड सर्व्हिसला पाठवलं तर गंज दिसतोय म्हणून तसंच परत आलं, कारण वॉरंटीच्या अटींत गंज धरत नाहीत. म्हणून बॉक्स फोडतानाच सीरियल नंबर, पट्टी, पोर्ट सगळ्याचे फोटो काढून ठेवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला स्वतः जाऊन घेता आलं तर उत्तम, मांडवी किंवा तुतारी एक्स्प्रेसने मांडीवर घेऊन या. पूर्ण बिल्ट पीसी मागवणार असाल तर कार्ड वेगळं काढून पाठवा म्हणून सांगा, एवढं वजनदार कार्ड स्लॉटला लटकत मुंबई-गोवा हायवेने आलं तर स्लॉटची वाट लागते.

भावाला मी विचारलं, विकून ९०७० एक्सटी घेशील का. म्हणाला, "दादा, गेमला तुझं बरं आहे, पण लग्नाचं फुटेज टाइमलाइनवर अडकलं तर मी पार्टीला काय सांगू?" बरोबर आहे त्याचं. तो १०-बिट ४:२:२ या जास्त रंग-माहितीच्या फॉरमॅटमध्ये शूट करतो, ते ५०७० टीआयसारखं ब्लॅकवेल पिढीचं कार्ड हार्डवेअरवर डिकोड करतं, त्यामुळे एडिटिंगसाठी हलक्या प्रॉक्सी फाइल बनवत बसावं लागत नाही. ब्लेंडरमध्ये रेंडरिंग वेगवान करणारं एनव्हिडियाचं ऑप्टिक्स आहेच. असं काम असेल तर जास्तीचे पैसे वसूल होतात, त्यात शंकाच नाही.

आणि ५०७० टीआय घेतलंत, त्यातही सुरुवातीच्या बॅचचं किंवा सेकंडहँड, तर पहिल्याच दिवशी जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून आरओपी (चिपमधले चित्र पूर्ण करणारे भाग) ९६ दिसतात का बघा. काही थोड्या कार्डांत ते कमी निघाले होते, एनव्हिडियाने स्वतः कबूल केलेलं. ८८ दिसले तर दुकानदाराकडे बदलून मागा.