धूर, माइक आणि समंध : नाट्यसाहित्य भाड्याने देणाऱ्या एका सेवेचा अनुभव

पुढच्या महिन्यात दादरच्या शिवाजी मंदिरात आमच्या हौशी मंडळाच्या नव्या नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग आहे. त्याआधी गोरेगावातील एका शाळेच्या सभागृहात आम्ही तीन दिवसांची रंगीत तालीम घेतली आणि तिसऱ्या दिवशी नव्वदेक निमंत्रितांसमोर संपूर्ण नाटक करून पाहिले. या तालमीसाठी ध्वनी, प्रकाश आणि धुराचे साहित्य परळच्या ज्या सेवेकडून भाड्याने घेतले, तिच्याविषयी हे लिहीत आहे. मंडळात व्यवस्थेची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे ठरवण्यापासून पावतीपर्यंतचा सगळा व्यवहार मीच केला. सेवेचे नाव मात्र देत नाही, कारण कौतुकाइतकीच तक्रारही लिहायची आहे.

आधी नाटकाविषयी थोडे सांगणे भाग आहे, नाहीतर कोणते साहित्य कशासाठी लागले हे कळणार नाही. नाटक भयविनोदी आहे आणि संगीतही आहे. गिरगावातील पागडीची एक चाळ पुनर्विकासाला निघाली आहे, सगळ्या बिऱ्हाडकरूंच्या सह्या झाल्या आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कित्येक वर्षे कुलूपबंद असलेल्या खोलीतला समंध मात्र नव्या इमारतीत आपल्यालाही जागा मिळाली पाहिजे म्हणून अडून बसला आहे. समंध म्हणजे मालमत्तेत जीव अडकून राहिलेल्याचे भूत. मुंबईत त्याला वाव नाही तर कुठे असणार? अकरा गाणी आहेत, दहा नट ती गातात, आणि पेटी, तबला-ढोलकी व कीबोर्ड वाजवणारे रंगमंचाच्या कडेलाच बसतात. भुताला गाण्यात घालून माणसे हसवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. एकनाथांच्या भारुडात भूत आहे, आणि कोकणच्या दशावतारात काळ्या कपड्यांतला, लाल जिभेचा संकासुर एकाच वेळी पोरांना घाबरवतो आणि हसवतो. त्यांना यंत्रे लागली नाहीत, हे मला बिल भरताना अधूनमधून आठवत होते.

आम्ही दहा बिनतारी माइक, मिक्सर, दोन धूरयंत्रे, कोरड्या बर्फाचे एक पिंप, चार अतिनील दिवे, सहा फूट उंचीचा पारदर्शक अॅक्रिलिकचा पत्रा आणि हे सगळे चालवणारी दोन माणसे घेतली. तीन दिवसांचे ४६,००० रुपये ठरले, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि १०,००० रुपये अनामत. टेम्पोचे भाडे त्यातच होते. हौशी मंडळाच्या खिशाला हे जड आहे, पण चार ठिकाणी विचारून पाहिल्यावर अवाजवी वाटले नाही.

साहित्य वेळेवर आले, हे प्रथम सांगितले पाहिजे. सकाळी नऊचा शब्द होता आणि पावणेनऊला टेम्पो शाळेच्या फाटकाशी उभा होता. पेट्या उघडल्यावर मात्र माझा चेहरा उतरला. माइकपासून नटाच्या कमरेच्या प्रक्षेपकापर्यंत, म्हणजे आवाज बिनतारी पाठवणाऱ्या डबीपर्यंत, जाणाऱ्या तारा जागोजागी चिकटपट्टीने बांधलेल्या होत्या, दोन प्रक्षेपकांची झाकणे रबराने अडकवली होती, आणि एका माइकच्या डोक्यावर कोणा आधीच्या नटाच्या रंगभूषेचा गुलाबी थर तसाच वाळून बसला होता. दहांपैकी सहा माइक धड चालले. दोन नटांच्या हालचालीबरोबर खरखरायचे, एक घामाने बंद पडायचा आणि एक कशानेच चालू झाला नाही. मी दुकानात फोन केला, तेव्हा मालक काका अगदी शांतपणे म्हणाले, “ताई, तालीमच आहे ना? प्रयोगाला नवा सेट पाठवतो, काळजी करू नका.”

हे उत्तर मला या धंद्यात याआधीही मिळाले आहे आणि माझी मुख्य तक्रार त्याविषयीच आहे. तालमीला जुना माल आणि प्रयोगाला नवा, अशी वाटणी दुकानदाराच्या सोयीची असेल. पण रंगीत तालीम घेतो कशासाठी? शिवाजी मंदिरात आमच्या आधी दुपारचा प्रयोग असणार आहे. त्यांचे नेपथ्य उतरल्यावर आमचे चढणार, दिवे लागणार, माइक तपासले जाणार, आणि तिसरी घंटा होईपर्यंत हातात जेमतेम दोन तास उरणार. त्या दोन तासांत नव्या यंत्राशी ओळख करून घेणे शक्य नसते. कोणत्या नटाचा आवाज कोणत्या माइकवर किती वर ठेवायचा, कोणाच्या कपाळाशी तार लावली तर घाम उतरत नाही, कोणाच्या केसांत लपवली तर पदर घासत नाही, हे सगळे तालमीत ठरते, आणि ज्या वस्तूवर ठरले तीच वस्तू प्रयोगाला नसेल तर तीन दिवसांचे भाडे आम्ही कशाचे दिले?

भयविनोदी नाटकात तर हे अधिकच बोचते. आमच्या पहिल्या अंकात चाळीतली आजी काळोखात चाचपडत मेणबत्ती शोधते आहे आणि समंध तिच्या कानाशी येऊन हळूच विचारतो, “सही कुठे करायची?” हे वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत कुजबुजीसारखेच पोचले पाहिजे; मोठ्याने म्हटले तर भय जाते आणि ऐकू आले नाही तर विनोद जातो. १८८० साली किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आले तेव्हा नटाचा गळा हाच माइक होता, पण त्या गळ्याला शेवटच्या रांगेपर्यंत कुजबुजायचे काम नव्हते. आम्हाला ते आहे, आणि ते माइकशिवाय होत नाही. निमंत्रितांसमोर नेमक्या त्या क्षणी माइक एकदा खरखरला, लोक त्या खरखरीला हसले, आणि खरे वाक्य त्या हशात बुडून गेले. नटाने ते पुन्हा म्हटले, पण पुन्हा म्हटलेला विनोद म्हणजे दुसऱ्यांदा तळलेली भजी.

धुराची गोष्ट वेगळी, कारण तिथे दोष निम्मा आमचा होता. धूरयंत्रात पाणी आणि ग्लायकोल यांचे द्रावण तापवून ते नळीवाटे बाहेर फेकले जाते. यंत्र सुरुवातीला तापायला काही मिनिटे घेते, आणि एक लांब फवारा मारला की पुन्हा तापेपर्यंत दम खाते. आम्हाला हे माहीत नव्हते असे नाही, पण दिग्दर्शकांनी पहिल्या दिवशी समंधाच्या प्रवेशाआधीच हौसेने दोनदा धूर मागितला आणि प्रत्यक्ष प्रवेशाला यंत्र थंडावले. समंध एका नागड्या रंगमंचावर कोऱ्या करकरीत उजेडात अवतरला. धूर आला तो दीड मिनिटाने, चाळ सोडण्याच्या करुण गाण्यात, फुस्स असा मोठा आवाज करून. गाणाऱ्या मुलीने खोकला गिळून आलाप पुरा केला, याबद्दल तिचे कौतुक व्हायला हवे.

इथे त्या सेवेच्या चालकाविषयी लिहिले पाहिजे, कारण या सगळ्या व्यवहारात भाड्याच्या मोबदल्यात खरोखर काही मिळाले असेल तर तो मुलगा. दुकानाने दोन माणसे पाठवली होती; एक माइकवर बसून मोबाइल पाहत असे, त्याच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. दुसरा, पंचविशीचा असेल, धूर आणि दिवे पाहत होता. पहिल्या दिवशीच्या फजितीनंतर तो संध्याकाळी वादकांच्या शेजारी येऊन बसला आणि मांडीवर बोटांनी मात्रा मोजू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला, “ताई, वाक्यावर क्यू देऊ नका. नट वाक्य लांबवतात. समेवर द्या.” क्यू म्हणजे बटण दाबायची खूण, आणि सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. समंधाचे गाणे केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात आहे. विंगेतून निघालेला धूर मध्यभागी पोचायला साधारण सहा आवर्तने, म्हणजे तालाचे सहा फेरे लागतात, असे त्याने मोजून काढले होते. मुखडा दुसऱ्यांदा आला की बटण दाबायचे, म्हणजे तिसऱ्या वेळी समेवर समंधाचे पाऊल पडते तेव्हा धूर त्याच्या गुडघ्यापर्यंत आलेला असतो. तबलजीने हे ऐकून नुसती मान डोलावली. आमच्या तबलजींकडून यापेक्षा मोठी दाद आजवर कोणाला मिळालेली नाही.

याच मुलाने कोरड्या बर्फाला मोडता घातला, आणि तेही योग्यच केले. कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांच्या आसपासचा. तो गरम पाण्यात टाकला की पांढरे धुके जमिनीलगत पसरते, आणि यंत्राच्या धुरासारखे वर चढत नाही. दिसायला ते फारच सुंदर असते. पण आमच्या दुसऱ्या अंकात बिल्डरचा दलाल भीतीने आडवा पडतो आणि पुढची चार मिनिटे, एक संपूर्ण गाणे, तसाच जमिनीवर पडून असतो. हवेपेक्षा जड असलेला तो वायू खालीच साचतो आणि त्या नटाला नेमका तोच श्वासात घ्यावा लागला असता. “उभ्या माणसांच्या सीनला देतो, पडलेल्या माणसाच्या सीनला देणार नाही,” असे त्याने दिग्दर्शकांना सरळ सांगितले. दिग्दर्शक थोडे रुसले, पण धुके पहिल्या अंकाच्या शेवटाकडे हलवले गेले. भाड्याच्या पत्रकात या सावधगिरीचा एक शब्दही नव्हता, तो असायला हवा होता.

अतिनील दिव्यांनी मात्र आम्हाला पोट धरून हसवले. योजना अशी होती की दिवे मालवल्यावर काळोखात फक्त समंधाचे धोतर निळसर चमकावे. त्यासाठी ते धोतर मुद्दाम टिनोपालमध्ये बुडवले होते, कारण कपडे शुभ्र दिसावेत म्हणून वापरले जाणारे हे द्रव्य अतिनील प्रकाशात झळाळते. दिवे लागले, आणि धोतराबरोबर पेटीवाल्या काकांचा सदरा, कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाचे मोजे आणि विंगेत उभ्या असलेल्या माझ्या ओढणीची किनारही झळाळली. घरोघरी धुण्याच्या पावडरीत असली चमक आणणारी द्रव्ये असतातच. एका समंधाच्या जागी साडेतीन समंध झाले. आता वादक काळ्या कपड्यांत बसणार आहेत. या दिव्यांबाबत सेवेविरुद्ध काहीही म्हणणे नाही. चारही दिवे उत्तम होते.

राहिला अॅक्रिलिकचा पत्रा. लंडनमध्ये १८६२ साली जॉन हेन्री पेपर यांनी काचेच्या साहाय्याने रंगमंचावर भूत दाखवले, तीच ही युक्ती. पारदर्शक पत्रा रंगमंचावर पंचेचाळीस अंशांत उभा करायचा, नट विंगेत काळ्या पडद्यापुढे उभा राहतो, आणि त्याच्यावरचा उजेड वाढवला की त्याचे प्रतिबिंब रंगमंचावर पत्र्यापलीकडे तरंगताना दिसते. उजेड उतरवला की नाहीसे होते. पत्र्यावर उजवीकडे एक लांब ओरखडा होता. तो मी पेटी उघडल्याबरोबर मोबाइलवर टिपून ठेवला, आणि ते किती बरे केले हे पुढे कळले. ओरखडा सोडला तर परिणाम इतका चांगला होता की पहिल्यांदा पाहताना आमच्याच कपडेपटातल्या बाई किंचाळल्या. पण शाळेच्या सभागृहाला बाल्कनी नाही आणि शिवाजी मंदिराला आहे. चालकाने हे आपणहून बोलून दाखवले, शिपायाकडून शिडी मागितली, सभागृहाच्या मागच्या भिंतीला लावून तो वर चढला आणि तिथून ओरडला, “ताई, वरून समंधाला डोकंच नाही!” प्रतिबिंब पत्र्याच्या मागे पडते, तेव्हा वरून पाहणाऱ्याची नजर पत्र्याच्या वरच्या कडेबाहेरून जाते आणि डोके कापले जाते. आता आठ फुटी पत्रा लागणार आहे. बिनडोक समंधच ठेवावा, असा दिग्दर्शकांचा आग्रह दोन दिवस चालला होता, तो कसाबसा मोडून काढला.

परत पाठवणीच्या दिवशी अनामतीतून २,००० रुपये कापले गेले, पत्र्यावरच्या त्याच ओरखड्यासाठी. फोटो आणि त्यावरची वेळ दाखवल्यावर पैसे परत मिळाले, पण त्यासाठी मला परळला दोन खेपा घालाव्या लागल्या.

शिवाजी मंदिराच्या प्रयोगाला पुन्हा याच सेवेला सांगितले आहे, याचे काहींना नवल वाटेल. अटी मात्र या वेळी लेखी आहेत. माइकचे क्रमांक करारात लिहिले आहेत; प्रयोगाच्या चार दिवस आधी तेच माइक आमच्याकडे येतील, नटांच्या अंगावर लागतील आणि तेच दादरला जातील. काकांनी कुरकुर करत त्यासाठी ६,००० रुपये जास्त मागितले, मी ४,००० वर आणले. आणि चालक म्हणून कोण येणार या रकान्यात, “कोणीही एक” हे छापलेले शब्द खोडून, त्या मुलाचे नाव मी माझ्या हाताने लिहिले आहे.