इतिहासाशी न मिटलेला वाद : जुन्या ‘डॉक्टर हू’चे परीक्षण

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेच्या पहिल्याच पर्वात, १९६४ साली, ‘द ॲझ्टेक्स’ ही चार भागांची कथा प्रसारित झाली. इतिहासाची शिक्षिका असलेली बार्बरा राइट कालयंत्रातून पंधराव्या शतकातील मेक्सिकोत पोहोचते, एका पुरोहिताच्या थडग्यातील कडे सहज हातात घालते आणि बाहेर येताच लोक तिला त्या पुरोहिताचा पुनर्जन्म मानू लागतात. नरबळीची प्रथा आताच बंद पाडली, तर पुढे येणाऱ्या स्पॅनिश आक्रमकांना या संस्कृतीचा नाश करण्यास निमित्त उरणार नाही, असा तिचा हिशेब असतो. इतिहासाची एक ओळसुद्धा बदलता येणार नाही, असे डॉक्टर, म्हणजे त्या कालयंत्राचा मालक आणि मालिकेचा परग्रहवासी नायक, तिला बजावतो. ती ऐकत नाही आणि एक बळी थांबवते. ज्याला तिने वाचवले, तो हा अपमान असह्य होऊन स्वतःच उडी टाकून जीव देतो. पाठोपाठ पाऊस येतो आणि त्या पावसाचे श्रेय मृत्यूलाच मिळते.

या जुन्या मालिकेची मला खरी ओढ लागली ती या प्रसंगापासून. १९६३ ते १९८९ या काळात तिची सव्वीस पर्वे झाली. त्यांतील बराच मोठा भाग पाहिल्यावर माझे असे मत झाले आहे, की भूतकाळात हात घालावा की घालू नये, याचे उत्तर या मालिकेने कधीच कायमचे ठरवले नाही आणि तिची गोडी याच अनिर्णयात आहे. दर काही वर्षांनी नवा लेखक येतो आणि जुना नियम कुरकुर न करता मोडतो. तर्कशुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या प्रेक्षकाला हा दोष वाटेल. मला तो या मालिकेचा प्राण वाटतो.

पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी दाखवला गेला आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवावा लागला. बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना मुलांचे मनोरंजन करता करता त्यांना काही शिकवणारी मालिका हवी होती. निर्मितीची सूत्रे त्यांनी सत्तावीस वर्षांच्या व्हेरिटी लॅम्बर्ट यांच्याकडे सोपवली आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन या तरुणाने केले. डॉक्टरच्या पहिल्या सहप्रवाशांत एक विज्ञानाचा आणि एक इतिहासाची अशा दोन शिक्षकांची योजना का झाली, हे यावरून कळते. शिकवण्याचा हेतू पुढे मागे पडला, पण शिक्षकी वृत्तीतून आलेली एक सवय टिकली: अनोळखी ठिकाणी पोहोचल्यावर आधी निरीक्षण करायचे आणि मगच काय ते बोलायचे.

डॉक्टरच्या यानाचे नाव टार्डिस. बाहेरून ती लंडनच्या रस्त्यावरची, पोलिसांना दूरध्वनी करण्याची निळी पेटी, आतून मात्र प्रशस्त. परिसराप्रमाणे रूप पालटण्याची तिची यंत्रणा बिघडलेली आहे आणि सुरुवातीच्या वर्षांत ती कोठे उतरेल याचा नेम खुद्द डॉक्टरलाही नसतो. तिचा घरघरता आवाज ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर घराची किल्ली घासून मिळवला होता. रॉन ग्रेनर यांनी रचलेले शीर्षकसंगीत बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बिशायर यांनी सिद्ध केले. सिंथेसायझर हाताशी नसताना एकेक स्वर वेगळा ध्वनिमुद्रित करून, फितीचे तुकडे मोजून कापून व जोडून त्यांनी ती धून उभी केली, आणि तरीही श्रेयनामावलीत त्यांचे नाव आले नाही. ती मूळ धून आज ऐकली तरी ती कोणत्या काळातली आहे, हे कानाला नेमके सांगता येत नाही.

मूळ वादाकडे वळतो. ‘द ॲझ्टेक्स’नंतर जेमतेम वर्षभरात, १९६५ च्या ‘द टाइम मेडलर’मध्ये, डॉक्टरच्याच जातकुळीचा एक मठवासी वेषधारी १०६६ सालच्या इंग्लंडमध्ये येऊन बसतो. व्हायकिंग आरमार समुद्रातच उडवून द्यायचे, म्हणजे इंग्लंडचा राजा हॅरल्ड याचे सैन्य न थकता नॉर्मन आक्रमकांविरुद्धच्या हेस्टिंग्जच्या लढाईला (जी तो प्रत्यक्षात हरला) उभे राहील, असा त्याचा बेत आहे आणि कामांची टिपून ठेवलेली यादीही त्याच्याकडे आहे. ज्या इतिहासाची एक ओळ बदलता येत नव्हती, तो आता बदलता येतो, म्हणून त्याची राखण करावी लागते. ही उडी केवढी मोठी आहे, याकडे कथा लक्षही वेधत नाही. ती विनोदी अंगाने पुढे जाते.

दहा वर्षांनंतरच्या ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मध्ये याच प्रश्नाला अगदी वेगळे वळण मिळते. कथा १९११ सालची. डॉक्टरची सहप्रवासी सेरा जेन स्मिथ सुचवते, की आपण निघून जाऊ. ती स्वतः १९८० मधून आलेली आहे आणि तेव्हा जग शाबूत होते, म्हणजे येथील संकट आपोआप टळलेलेच असणार. हा युक्तिवाद प्रेक्षकाच्याही मनात आलेला असतो. डॉक्टर वाद घालत न बसता तिला १९८० मध्ये नेतो आणि दार उघडतो. बाहेर फक्त उजाड, वादळांनी झोडपलेली पृथ्वी आहे. ती दोघे परततात, आणि राहून काम पुरे करण्याला पर्याय नाही, हे तिच्याबरोबर आपल्यालाही पटते. काळाविषयीचा इतका गुंतागुंतीचा मुद्दा काही मिनिटांत, एक दार उघडून समजावण्याची हातोटी मला इतर कालप्रवासकथांत क्वचितच आढळली.

१९७५ सालचीच ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’ ही सहा भागांची कथा या वादाचा कळस आहे. टेरी नेशन यांनी लिहिलेले आणि रेमंड क्युसिक यांनी घडवलेले डालेक, म्हणजे धातूच्या कवचातले क्रूर परग्रहवासी, १९६३ च्या डिसेंबरातच पडद्यावर आले होते आणि मालिकेला खरी लोकप्रियता त्यांनीच मिळवून दिली. आता डॉक्टरला त्यांच्या जन्मकाळात धाडले जाते, ते जन्मण्यापूर्वीच संपवण्यासाठी. अखेरीस त्याच्या दोन हातांत दोन तारा असतात; त्या टेकवल्या की काम झाले. तो टेकवत नाही. एका संपूर्ण वंशाचा अंत करण्याचा अधिकार मला आहे का, असे तो विचारतो. डालेकांच्या भीतीनेच एकेकाळचे वैरी पुढे मित्र होतील, याचीही आठवण देतो. तेव्हा डॉक्टरची भूमिका करणाऱ्या टॉम बेकर यांचा अभिनय एरवी खट्याळपणाकडे झुकतो, पण येथे त्यांनी आवाज जवळजवळ उतरू दिला आहे. त्यानंतर पटकथा त्याला निर्णयापासून सोडवते, आणि ही पळवाट आहे असे म्हणणाऱ्यांशी मी फारसे भांडणार नाही. मात्र प्रश्न विचारून झालेला असतो.

खुद्द मालिकेचा भूतकाळही तिला नीट सांभाळता आला नाही. महागड्या चित्रफिती पुसून पुन्हा वापरण्याच्या आणि जुन्या प्रती निकालात काढण्याच्या तत्कालीन पद्धतीमुळे १९६० च्या दशकातील नव्वदहून अधिक भाग नष्ट झाले. प्रेक्षकांनी घरबसल्या ध्वनिमुद्रण करून ठेवल्यामुळे सर्व भागांचा आवाज मात्र उपलब्ध आहे. पहिले डॉक्टर साकारणारे विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळल्यावर नायकाचे शरीरच पालटण्याची कल्पना निघाली आणि २९ ऑक्टोबर १९६६ रोजी त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन दिसले. मालिकेला दीर्घायुष्य देणारा तो भाग आज अस्तित्वात नाही. रूपांतराचा क्षण तेवढा वाचला, कारण ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात तो तुकडा दाखवला गेला होता. २०१३ मध्ये नायजेरियात सापडलेले भाग प्रकाशित झाले, तेव्हा ‘द वेब ऑफ फिअर’चा तिसरा भाग वगळून उरलेली कथा पाहता आली. हरवलेले भाग स्थिरचित्रे व ध्वनीच्या आधारे पाहणे हा वेगळाच अनुभव आहे, पण नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

दोष लपवण्यात अर्थ नाही. सहा भागांच्या बहुतेक कथांत चौथा आणि पाचवा भाग पकडले जाणे, सुटणे आणि पुन्हा पकडले जाणे यांतच खर्च होतो. पुठ्ठ्याच्या भिंती आणि रबरी राक्षस यांची थट्टा इतकी झाली आहे, की मी तीत भर घालत नाही. गंभीर आक्षेप वेगळा आहे. ‘द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग’ ही १९७७ ची कथा संवादांसाठी वाखाणली जाते, पण तिच्यात एका इंग्रज नटाला रंगभूषा करून चिनी पात्र बनवले आहे आणि चिनी समाजाचे चित्रण आज सहजपणे पाहवत नाही. प्रशंसकांनी ‘तो काळच तसा होता’ म्हणून हे सोडून देणे मला मान्य नाही. ज्या मालिकेचा विषयच काळाला जाब विचारणे हा आहे, तिला तरी ही सवलत मिळू नये. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरील पर्वे तर केवळ अभ्यासकांनी पाहावीत.

सुरुवात कोठून करावी, असे विचारणाऱ्यास मी १९७९ ची ‘सिटी ऑफ डेथ’ सुचवतो. पॅरिसमध्ये चित्रित झालेल्या या कथेच्या लेखनात डग्लस ॲडम्स यांचा मोठा वाटा होता. काळात विखुरलेला एक परग्रहवासी लिओनार्दोकडून मोनालिसाच्या आणखी सहा प्रती काढून घेतो, कारण एकाच चित्राच्या सात अस्सल प्रती विकून त्याला आपल्या प्रयोगाचा खर्च भागवायचा आहे. यावर डॉक्टर जो उपाय करतो, तो आधी कळला तर निम्मी मजा जाईल. त्यानंतर ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’ आणि मग ‘जेनेसिस’ पाहावी. ‘द ॲझ्टेक्स’ शेवटी ठेवावी. ती कृष्णधवल आहे, संथ आहे, आणि पंचवीस मिनिटांचा एक भाग पाहून पुढच्यासाठी आठवडाभर थांबायचे, या हिशेबाने बांधलेली आहे. ती सलग पाहू नये, रोज एकच भाग पाहावा.