जास्त चाललेला जुना डिझेल पिकअप: काय टिकतं, काय दगा देतं

जुना पिकअप घ्यायला गेल्यावर मीटरवर 3 लाख किलोमीटर दिसले की बरेच जण तिथूनच परत फिरतात. घाई होते ती. लांब पल्ल्यावर एका लयीत पळालेला पिकअप, गल्लीबोळांत सुरू-बंद होत आणि तासन्‌तास उभ्याउभ्या घरघरत राहिलेल्या दीड लाखाच्या पिकअपपेक्षा बहुतेक वेळा बरा निघतो. स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) इंजिनाचे एकूण तास मिळत असतील तर किलोमीटरला त्यांनी भागा. सरासरी ताशी 50 च्या आसपास आली तर गाडी मोकळ्या रस्त्यावरची. 20-25 च्या खाली आली तर मीटर सांगतो त्याहून इंजिन बरंच जास्त झिजलेलं आहे. मीटर 1 लाख दाखवतोय आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर मीटरवर हात फिरलाय असं धरून चाला.

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच बजावून ठेवा की आम्ही येईपर्यंत सेल्फ मारू नका. पोहोचल्यावर आधी रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. गरम असेल तर तपासणी दुसऱ्या दिवशी. कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबण्याची ताकद) उतरलेलं किंवा ग्लो प्लग (थंडपणी सिलिंडर तापवणारा) गेलेलं इंजिनसुद्धा गरम असताना निमूटपणे सुरू होतं, खरं काय ते थंडपणीच कळतं. सुरुवातीचा पांढरट धूर मिनिटभरात विरला तर ठीक. कच्च्या डिझेलचा वास मारत तो टिकून राहिला तर इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) किंवा कम्प्रेशनचं दुखणं, आणि गोडसर वास आला तर कूलंट जळतंय. निळा धूर म्हणजे ऑइल. जोर दिल्यावर काळा धूर येत असेल तर लगेच घाबरू नका, चोंदलेला एअर फिल्टर किंवा टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) फाटका होजही पुरेसा असतो. मूळचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) शाबूत असेल तर सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवल्यावर काजळी लागायला नको. लागली तर तो फुटलाय किंवा आतून पोकळ केलाय.

आता इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण काढून उलटं तिथंच ठेवा. थोडी वाफ चालते. झाकण नाचायला लागलं किंवा उडालं तर ते बॅक कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब खाली गळणं), म्हणजे बहुधा पिस्टनच्या रिंगा गेल्या. डिझेलचं ऑइल काळंच असतं, त्यावरून काही ठरवू नका, पातळी बघा. डिपस्टिकवर खुणेच्या वर ऑइल आणि त्याला डिझेलचा वास असेल तर इंजेक्टर गळतोय किंवा डीपीएफमधली काजळी जाळायची सफाई अर्धवट राहतेय. अशा पातळ ऑइलवर बेअरिंग फार काळ टिकत नाही.

या गाड्यांचं खरं नाजूक अंग म्हणजे इंधनाची यंत्रणा. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी) दाब 1600 बारच्याही पुढे जातो, त्यामुळे थोडं पाणी किंवा कचराही महागात पडतो. फिल्टरच्या तळातलं डिझेल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरा. खाली पाण्याचा थर दिसला तर वाईटच, पण चंदेरी चमचम दिसली तर पंप आतून खरवडतोय. ते कण रेल आणि इंजेक्टरपर्यंत गेलेले असतात, एकटा पंप बदलून भागत नाही. अशी गाडी सोडून द्या. फिल्टर नुकताच बदललेला असेल तर जुना मागून बघा. नंतर इंजेक्टरची रिटर्न चाचणी करून घ्या: प्रत्येकाच्या रिटर्नला (न वापरलेलं डिझेल परत नेणारी नळी) एक बाटली आणि काही मिनिटं आयडलिंग. एकाच बाटलीत इतरांच्या दुपटीने डिझेल आलं तर तो इंजेक्टर संपत आलाय. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि ‘फुस्‌ फुस्‌’ आवाज असेल तर खालचा तांब्याचा वॉशर गळतोय. हे काम स्वस्तातलं, पण दुर्लक्ष झालं असेल तर इंजेक्टर हेडमध्ये असा धरून बसतो की काढता काढता तुटतो.

टर्बोचा होज काढून बघा: आत ऑइलचा पातळ थर चालतो, डबकं चालत नाही. शाफ्ट बाजूला किंचित हलला तर चालेल, पुढे-मागे हलता कामा नये. चौथ्या गिअरमध्ये 40 च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढले आणि वेग तिथंच राहिला तर क्लच गेला. इंजिन बंद करताना खडखड झाली तर फ्लायव्हीलचा खर्चही धरा.

इंजिन उतरवून बांधता येतं, चेसिसचं तसं नाही. कॅबिन आणि हौदा यांच्यातली फट बाजूने बघा. वर रुंद, खाली अरुंद असेल तर अतिवजनाने चेसिस वाकलीय. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये वरून घातलेला जादा पाटा हीच गोष्ट सांगतो. कॅबिनच्या लगेच मागे आणि पाट्यांच्या हँगरजवळ वेल्डिंगचे ठिगळ किंवा तडे शोधा, छोट्या हातोडीने ठोका. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर आत गंजलंय. सगळी गाडी जुनी आणि तळ तेवढा नव्या काळ्या रंगाने चकचकीत, असं असेल तर रंग खरवडून बघू देतात का, ते विचारा. नकार आला तर बोलणं तिथंच थांबवा.

टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या व्हॉल्व्हची लय सांभाळणारा पट्टा) बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरा. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप असा एकत्र खर्च किमतीतून वजा करून सौदा बोला, आणि पहिला माल भरण्याआधी ते काम उरका.